तीन मणांच्या आधीच्या पाच पायऱ्या

नागपूरहून हैद्राबादकडे जाणाऱ्या सडकेवरून आजवर लाखो माणसं आली-गेली असतील, पण आयुष्यात एकही गोष्ट एकदम न केलेला माणूस त्यांत एकच होऊन गेला, आणि तो पांढरकवड्याला माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणे. सडकेच्या कडेला त्यांचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं, म्हणजे चार खांबांवर टाकलेले पत्रे आणि खाली तेलानं काळी झालेली जमीन. बुटका, रुंद, मानेचा पत्ता नसलेला माणूस. लांबून पाहिलं तर कोणीतरी कपाटाला सदरा घातलाय असं वाटावं. हे कपाट सकाळी झोपेतून उठतानासुद्धा एकदम उठत नसे. आधी उजव्या पायाचा अंगठा हलवायचा, मग पाऊल, मग गुडघा, मग डावीकडे तेच, मग दोन्ही हात, मग मान, जेवढी होती तेवढी. आणि एवढं झाल्यावर ते बाजेवर उठून बसत. तोवर वहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, सडा घालून झालेला असे आणि चुलीवरचा चहा उकळून उकळून काढ्यासारखा झालेला असे.

आमची ओळख माझ्या किंकाळीनं झाली. एकोणसाठ साली मी तिथल्या शाळेत गणिताचा मास्तर म्हणून रुजू झालो. वर्ध्याहून आणलेली पुस्तकांची पेटी टांग्यातून काढून घरात नेताना माझ्या पाठीत अशी उसण भरली की पेटी उंबऱ्यावर आणि मी पेटीवर. भिंतीपलीकडून मिस्त्री आले. मला वाटलं, हात देतील. त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि चौकशी सुरू केली.

"पेटीच्या आंधी काय उचललं होतं?"

"काही नाही."

"तांब्या? उशी? खुर्ची?"

"काहीच नाही हो."

"मंग बराबर हाय," ते म्हणाले, आणि रोग सापडलेल्या डॉक्टरसारखे समाधानी दिसले. मग त्यांनी मला उचललं. पण त्याआधी त्यांनी माझी वळकटी उचलून आत ठेवली, मग पाण्यानं भरलेली घागर ठेवली, मग ती पुस्तकांची पेटी, आणि पेटीनंतर माझा नंबर लागला. मला खाटेवर ठेवताना ते जरा निराश होऊन म्हणाले, "तुमी पेटीहून जास्त भरान असं वाटलं होतं, मास्तर. उगाच तयारी केली."

ही तयारी म्हणजे त्यांचा धर्म होता म्हटलं तरी चालेल, जरी खरा धर्म त्यांनी छप्पन सालीच बदलला होता. लहानपणी गावच्या आखाड्यात त्यांच्या मोहल्ल्यातल्या पोरांना मातीत उतरू देत नसत. कुस्ती पाहायची ती बाहेरच्या बाभळीवर चढून, आणि काटे मोजत घरी यायचं. छप्पनच्या दसऱ्याला ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, घरात बुद्धाची तसबीर लागली, आणि त्याच आठवड्यात त्यांनी गॅरेजच्या मागे वजनं जमवायला घेतली. "मातीत नाई उतरू देल्लं, त नाई," ते म्हणत. "आपल्याजवळ लोखंड काय कमी हाय?" लढाईनंतर भंगारात निघालेल्या एका लष्करी ट्रकचा एक्सल ही त्यांची दांडी. तिच्या दोन टोकांना घालायला ब्रेकचे ड्रम, फ्लायव्हील, गिअरची लहानमोठी चाकं. प्रत्येक तुकडा त्यांनी जिनिंगमधल्या कापसाच्या काट्यावर नेऊन तोलून आणला आणि त्याच्यावर पांढऱ्या रंगानं त्याचे शेर लिहिले. दांडीवरही लिहिलं होतं, एकवीस शेर. पलटणीतून आलेल्या एका ड्रायव्हरनं त्यांना दांडी जमिनीवरून खांद्यावर कशी घ्यायची आणि खांद्यावरून डोक्यावर कशी न्यायची ते शिकवलं होतं. पण जड दांडीच्या आधी काय करायचं, हा शोध मिस्त्रींचा स्वतःचा, आणि तो त्यांना डिझेलच्या इंजिनात लागला होता.

"थंडीच्या दिसात सकायी सकायी ट्रक चालू केला, अन् एकदम रेस देल्ली, त काय होते?" ते मला विचारत.

"काय होतं?"

"माहा धंदा होते. मानूस बी तसाच हाय. गार खांद्याले एकदम रेस नाई द्यावी."

म्हणून त्यांच्या पायऱ्या होत्या. त्या पाच. पहिली पायरी नुसत्या दांडीची, दहा वेळा, आणि तीसुद्धा तान्ह्या पोराला खेळवावं तशी. नंतरचा हिशेब आण्यात. शेवटी जे वजन उचलायचं ते सोळा आणे धरायचं. दुसऱ्या पायरीला त्यातलं पाच आणे वजन, पाच वेळा. तिसरीला आठ आणे, तीन वेळा. चौथीला बारा आणे, दोन वेळा. पाचवीला चौदा आणे, एकदाच. मग सोळा आणे. वजन वाढत जायचं, वेळा कमी होत जायच्या, आणि दोन पायऱ्यांमधला विसावा लांबत जायचा. सुरुवातीला कुणी नवा माणूस जोर दाखवायला दुसऱ्याच पायरीला वीस वेळा दांडी वर-खाली करू लागला, तर मिस्त्रींच्या चेहऱ्यावर कुणी देवळात चपला घालून शिरल्यासारखं दुःख दिसे. "अबे, गरमाई थकवायले नसते," ते सांगत. "आंगाले आठवन द्यायले असते, का बा, आता येनार हाय." विसावा मोजायला त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. स्वतः बिडी ओढत नसत, पण गॅरेजमध्ये दुरुस्तीसाठी थांबलेला कुणी ना कुणी ड्रायव्हर ओढत असे, तेव्हा ते विसावा बिडीवर मोजत. तिसऱ्या पायरीनंतर अर्धी बिडी, चौथीनंतर एक, पाचवीनंतर दीड. एखादा ड्रायव्हर बोलण्याच्या नादात बिडी विझवून बसला की मिस्त्री दांडीपाशी ताटकळत, आणि शेवटी नम्रपणे म्हणत, "भाऊ, पेटवा नं. खांदा गार होऊन राह्यला."

हे सगळं लोखंडापुरतं असतं तर गावानं त्यांना पैलवान म्हणून सोडून दिलं असतं. पण मिस्त्रींना वाटे, जे खांद्याला खरं ते सगळ्यालाच खरं. लग्नाच्या पंगतीत बसले की पानात बुंदीचा ढीग पडलेला असताना ते आधी एक दाणा उचलून तोंडात टाकत. असे दहा दाणे, सुटे सुटे. मग पाच चिमट्या. मग तीन छोटे घास. शेजारचा माणूस ताक पिऊन हात वाळवत असे तेव्हा मिस्त्री चौथ्या पायरीवर असत, आणि पाचवीवर पोचेपर्यंत पंगत उठे. असं दोन-तीन लग्नांत झाल्यावर गावानंच तोड काढली. त्यांना पहिल्या पंगतीला बसवायचे आणि दुसऱ्या पंगतीला उठवायचे नाहीत. दुसऱ्या पंगतीच्या मध्यावर केव्हातरी मिस्त्रींचे सोळा आणे सुरू होत, आणि मग वाढप्यांची अशी धावपळ उडे की मुलीकडचे लोक आत जाऊन पुन्हा कढई चढवत.

भांडणाचंही तेच. आदिलाबादकडचा एक ट्रकवाला रोज आपला ट्रक नेमका गॅरेजच्या तोंडाशी लावून जेवायला जाई. आठ दिवस सोसल्यावर मिस्त्रींनी ठरवलं की आज बोलायचं. ते तडक माझ्याकडे आले.

"मास्तर, दोन मिनिटं बसा नं. पयले तुमाले जराशीक बोलून घेतो."

"मला? मी काय केलं?"

"काई नाई. नुसत्या दांडीसारखं." आणि समोर उकिडवे बसून ते अगदी मवाळपणे म्हणाले, "तुमाले काई अक्कल हाय काय?" असं दहा वेळा. दहाव्या वेळी मला खरंच शंका यायला लागली. मग ते समोरच्या चहावाल्याकडे गेले आणि त्याला पाच वेळा बोलले. त्याला सवय होती, तो कपबशा विसळत राहिला. पुढे सायकलवाल्याला तीनदा, एका ओळखीच्या क्लीनरला दोनदा, आणि पोस्टासमोर उभ्या असलेल्या स्वतःच्या साळ्याला एकदा, तेही असं की तो बिचारा पुढे महिनाभर बहिणीकडे आला नाही. मग लालबुंद होऊन, फुरफुरत, सोळा आणे तयार होऊन मिस्त्री गॅरेजच्या तोंडाशी पोचले, तर ट्रक जाऊन अर्धा तास झालेला. रस्ता मोकळा. एवढा तापवलेला राग टाकवेना. ते तसेच आत गेले आणि आठ दिवस कुणाच्या बापाला न सुटलेला चाकाचा एक गंजका नट त्यांनी एका हिसक्यात सोडवला.

मुलीच्या लग्नात मात्र त्यांचा हिशेब चुकला. एकुलती एक लेक, वणीला द्यायची होती. पाठवणीला आपल्याला रडू आवरणार नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी चार दिवस आधीपासून थोडं थोडं रडायला घेतलं. पहिल्या दिवशी नुसते डोळे ओले. दुसऱ्या दिवशी हुंदके. तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून असा आवाज आला की मी जेवता जेवता उठून गेलो, तर वहिनी शांतपणे गहू निवडत होत्या. म्हणाल्या, "काई नाई भाऊजी, चवथी पायरी सुरू हाय." आणि प्रत्यक्ष पाठवणीला सगळा मांडव रडत असताना मिस्त्री कोरडे ठणठणीत उभे. लेक गळ्यात पडली तरी थेंब नाही. बैलगाडी वळणावर गेल्यावर ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "गरमाई जास्त झाली, मास्तर. समदं तयारीतच खर्चून गेलं." त्यांचा चेहरा असा होता की मलाच त्यांच्या वाटचं रडावं लागलं.

वहिनी या सगळ्याच्या बाहेर होत्या. त्या किडकिडीत होत्या, पण विहिरीवरून पाण्यानं भरलेले दोन गुंड, एक डोक्यावर आणि एक कमरेवर, आल्या तशा उचलून चालू लागत. मिस्त्री डोळे मिटून घेत. "अंव, एक तरी रिकामा उचलून पाह्य आंधी," ते कळवळून म्हणत. वहिनी म्हणत, "रिकामा कायले उचलू? पानी आनाले आली मी."

आता मुख्य गोष्ट. मिस्त्रींचं एक स्वप्न होतं, आणि ते तीन मणांचं होतं. दर रविवारी सकाळी पाच पायऱ्या चढून ते पावणेतीन मणांची दांडी डोक्यावर नेत आणि खाली ठेवत. मग कधी कधी आणखी दहा शेर चढवत, म्हणजे पुरे तीन मण, आणि तिच्यासमोर उभे राहत. दांडीला हात लावण्याआधीच त्यांचा चेहरा बदले. तीन मण खांद्यापर्यंत येत, तिथं क्षणभर थांबत, आणि खाली. कितीतरी रविवार मी हे पाहिलं. मी त्यांचा हिशेबनीस होतो. कुठल्या पायरीला कुठले ड्रम, किती शेर, ते वहीत लिहायचो, बेरजा करायचो, आणि अधूनमधून नुसत्या दांडीशी मीही खेळायचो. वर्षभरात माझी पाठ अशी सुधारली की पुस्तकांची पेटी मी एकट्यानं माळ्यावर चढवली. आधी तांब्या चढवला, हे सांगायला नकोच.

बासष्टच्या थंडीत बातमी आली की यवतमाळला एका व्यायाम मंडळानं दांडी उचलण्याची जिल्ह्याची स्पर्धा ठेवलीय, सगळ्यांना खुली. 'सगळ्यांना खुली' हे शब्द मिस्त्रींनी मला पत्रकातून तीनदा वाचायला लावले. अडचण एकच होती. तिथली वजनं नव्या मापाची, किलोची. नवे पैसे आले तेव्हा गाव दोन वर्षं गोंधळलं होतं. आता शेर आणि मण जाऊन किलो आले होते. पण मिस्त्रींना काळजी नव्हती. "आपला मास्तर हाय नं," ते म्हणाले. खरंच होतं ते. शाळेत मी पोरांना हेच शिकवत होतो. मी आठवडाभर बसून, चकत्यांत बसतील असे आणे थोडे मागेपुढे धरून, एका कागदावर पाचही पायऱ्या किलोत मांडल्या. चौथी सत्तर किलो, पाचवी साडेसत्याऐंशी, आणि मंचावर पहिली उचल पंचाण्णवची. पावणेतीन मण म्हणजे साधारण एकशे अडीच किलो. तीन मण म्हणजे एकशे बारा. कागद घडी करून मी खिशात ठेवला आणि आम्ही पहाटेच्या एसटीनं निघालो. निघण्याआधी मिस्त्री पुढे जाऊन ड्रायव्हरला विचारून आले, इंजिन नीट गरम केलंत का.

मंचाच्या मागे पत्र्याचा आडोसा करून तयारीची जागा केली होती. तिथं एक दांडी आणि चकत्यांची चळत. अशी देखणी वजनं मिस्त्रींनी जन्मात पाहिली नव्हती. एकेका चकतीवरून ते हात फिरवत राहिले. आडोशाला आम्ही दोघंच होतो, आणि कडेला टोपली घेऊन बसलेला एक चणेवाला, ज्याला मिस्त्रींनी येताक्षणी बिडी ओढतो का ते विचारून घेतलं. मी कागद उघडला. चकत्यांवर किलो कोरलेले होते, ते वाचायचे, मिळवायचे आणि दोन्हीकडे सारखे चढवायचे, एवढं माझं काम.

पहिली पायरी छान झाली. दुसरीला मिस्त्री म्हणाले, "यवतमाळची हवा जड हाय." तिसरीला त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. चौथीला, सत्तर किलोला, एकदा दांडी वर नेऊन त्यांनी खाली ठेवली आणि ते चकतीवर बसून राहिले.

"मिस्त्री, राहू द्या. एकदाच पुरे."

"दोन म्हनजे दोन," ते म्हणाले, आणि उठून दुसरी केली. त्यांच्या कपाळावरची शीर दोरीसारखी झाली होती. "म्हातारा झालो, मास्तर. बारा आन्याले घाम फुटला." चणेवाल्याच्या एका बिडीनंतर मी पाचव्या पायरीच्या चकत्या चढवल्या. ते दांडीपाशी आले, तेही एखाद्या कंटाळवाण्या कामाला यावं तसे, एकीकडे मंचावर कुणाचं नाव पुकारतायत तिकडे कान देत. दांडी खांद्यावर आली. पाय फाकले, हात ताठ झाले, दांडी डोक्यावर गेली. मी कागदावर खूण केली. पाय जुळले. दांडी खाली आली. "चला," ते म्हणाले, "बलावून राह्यले."

मंचासमोर मी पहिल्या रांगेत उभा राहिलो. पुकारणाऱ्यानं मिस्त्रींची पहिली उचल पुकारली. "दांडी वीस, दोन्ही कड्या मिळून पाच, चकत्या सत्तर. एकूण पंचाण्णव किलो."

दांडी वीस. मी ऐकलं आणि खिशातला कागद काढून पाहिला. गॅरेजमध्ये दांडीवर एकवीस शेर लिहिलेलं असायचं, म्हणून मी ते मिळवायचो. इथल्या दांडीवर काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी काही मिळवलं नव्हतं. चकत्या बाहेर घसरू नयेत म्हणून बसवतात त्या कड्याही मी धरल्या नव्हत्या. दुसरीपासून प्रत्येक पायरीला पंचवीस किलो जास्त चढले होते. चौथ्या पायरीला मिस्त्रींनी पंचाण्णव दोनदा उचलले होते. आणि पाचवीला, साडेसत्याऐंशी अधिक पंचवीस. गणिताचा मास्तर उभ्या उभ्या बोटं मोजत होता.

मंचावर मिस्त्रींनी पंचाण्णवची दांडी अशी वर फेकली की ती हातातून निघून जाते की काय असं वाटलं. खाली ठेवून ते पंचांकडे वळले. "कमी हाय. अखीन एकदा मोजा." पंच म्हातारे, सज्जन गृहस्थ, त्यांनी खरंच उतरून सगळं पुन्हा मोजलं. बरोबर पंचाण्णव. दुसरी उचल एकशे अडीचची, दर रविवारची. मी तेव्हा पुढे जाऊन सांगायला हवं होतं, जरा थांबा, दोन बिड्यांचा विसावा घ्या. मी बोटंच मोजत राहिलो. दांडी खांद्यापर्यंत आली आणि त्यांचे गुडघे ओल्या पापडासारखे झाले. तिसऱ्यांदा तेच. दारव्ह्याचा एक तरणा गडी एकशे पाच उचलून पहिला आला. मिस्त्री सहा जणांत पाचवे आले, आणि सहावा आलाच नव्हता.

बसस्थानकाजवळच्या हॉटेलात चहा समोर आल्यावर मी कागद टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. माझ्यावर रागवायचं तर आधी पाच माणसं लागली असती आणि हॉटेलात आम्ही दोघंच होतो, एवढाच मला आधार होता. मिस्त्रींनी मला बेरीज पहिल्यापासून करायला लावली. मग पुन्हा.

"पाचव्या पायरीले किती होतं म्हन्ता?"

"एकशे साडेबारा."

"मणात सांगा."

"तीन मण," मी म्हटलं. "वर अर्धा शेर."

त्यांनी कप खाली ठेवला.

"कोपर वाकलं होतं काय?"

"नाही."

"पाय जुडले होते?"

"जुळले होते. मी खूण करेपर्यंत तुम्ही धरून होतात."

"मंग मले काहून आठवत नाई?" त्यांनी विचारलं, आणि त्या प्रश्नात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "पायरी समजून उचललं. मी त पाह्यलं बी नाई तिच्याकडे."

मी त्यांना ओढत पुन्हा मैदानावर नेलं. पंच खुर्च्या मोजत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चणेवाल्याला बोलावलं. चणेवाला म्हणाला, दांडी वर जाताना आवाज आला खरा, पण आपण तेव्हा बिडी पेटवत होतो. पंचांनी मिस्त्रींचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "मास्तर खोटं बोलत नाहीत, दिसतंय मला. पण पत्र्यामागचं मी कागदावर कसं घेऊ?" मिस्त्री म्हणाले, "बराबर हाय. मी बी नसतं घेतलं."

घरी वहिनींना सांगितलं तर त्या हसून हसून जात्यावर वाकल्या. "कोनी सांगतलं नाई म्हनून उचललं यायनं," त्या म्हणाल्या. "दर आयतवारी तीन मन, तीन मन करून सोताच जड करून ठेवलं होतं." मिस्त्रींना हे पटलं. पुढच्या रविवारी त्यांनी मला सांगितलं, मी पाठ करून उभा राहतो, तुम्ही काय चढवता ते मला कळू देऊ नका. मी ड्रमांवर गोणपाट टाकलं. पण त्यांनी स्वतः पाना लावून काढलेले ते ड्रम. गोणपाटाखालून नुसती कडा दिसली तरी ओळखायचे. मग डोळ्यांवर फडकं बांधलं, तर चढवतानाच्या आवाजावरून ओळखायचे. "ह्यो साडेनऊ शेरवाला," ते फडक्याआडून म्हणत. तीन मण पुन्हा कधी वर गेले नाहीत.

मग त्यांनी एक वेगळीच गोष्ट सुरू केली. कामावरून परतताना माझ्या ओट्यावर बसायचे आणि म्हणायचे, "सांगा नं मास्तर, मी कसं उचललं थे." ज्यानं उचललं त्यानं स्वतः ते पाहिलं नव्हतं; पाहिलं होतं जगात फक्त मी. मग मी सांगायचो. खांदा कसा आला, पाय कसे गेले, हात कसे ताठ झाले. ते मांडीवर हात ठेवून, कुणा दुसऱ्या पैलवानाची गोष्ट ऐकावी तसे ऐकायचे, आणि मी संपवलं की कौतुकानं मान हलवायचे.

पासष्ट साली माझी बदली उमरखेडला झाली. वर्षातून एकदा तरी मी पांढरकवड्याला जाई, आणि चहाच्या आधी ती गोष्ट सांगावी लागे. एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा ते अंगणात बाजेवर बसून होते. ट्रकखालचा जॅक सरकून उजवा खांदा गेला होता. हात पोटाशी बांधलेला होता आणि पुन्हा वर जाणार नव्हता. गॅरेज जावई पाहत होते. वहिनींनी चहा आणला. मी नेहमीसारखी सुरुवात केली, पण दांडी खांद्यापर्यंत आली तोच मिस्त्रींनी डावा हात वर करून मला थांबवलं.

"थांबा. तुमी एक इसरून राह्यले. पत्र्याच्या मांगं लिंबाचं झाड होतं. थ्याच्यावर रावे बसले होते, शंभर एक. मी दांडी वर नेली, अन् समदे उडाले. मले समदं आठवते आता."

पत्र्यामागे उघडं मैदान होतं. झाड नव्हतं. वहिनी माझ्याकडे पाहत होत्या.

"हो," मी म्हटलं. "सगळे उडाले."